लोखंडाची अकरा कडी

नवी बोअरची गाडी अंगणात घ्यायला सकाळचे नऊ वाजले. दादा स्वतः चालवत होता. खिडकीतून अर्धा बाहेर झुकून तो मागे बघत होता आणि आत्या फाटकाशी उभी राहून "ये, ये, अजून ये" म्हणत हात हलवत होती. तिचा आविर्भाव असा, की जन्मभर तिनं चोवीस टनी गाड्याच मागे घेतल्या असाव्यात. बाबा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. आज ते दादाच्या हातात किल्ल्या देणार होते. 'पाताळराव' या त्यांच्या टोपणनावावर चाळीस वर्षं चाललेला धंदा मुलाकडे जाणार, म्हणून सगळ्यांना बोलावणं गेलं होतं.

सगळे म्हणजे तरी किती? आई जाऊन सात वर्षं झाली होती. घरात बाबा, त्यांची थोरली बहीण म्हणजे आत्या, दादा आणि वहिनी. पाचवी धाकटी. ती पहिल्या बसनं शहरातून आली होती. जमिनीची पातळी मोजणाऱ्या सरकारी खात्यात ती नोकरीला होती. "बाप जमिनीला भोकं पाडतो आणि मुलगी त्याला टेप लावते," ही आत्याची थट्टा आता इतकी जुनी झाली होती, की आत्या सोडून कुणीच हसत नसे.

आजोबा हातानं विहिरी खणायचे. चाळीस फुटांवर त्यांना पाणी लागायचं. बाबांनी यंत्र आणलं आणि ते दोनशेवर गेले, मग सहाशेवर. दादाची नवी गाडी चौदाशे फूट जाणार होती. दर पिढीला पाणी आणखी खाली गेलं आणि दर पिढीनं ते आपल्या कर्तबगारीचं माप समजलं. वरून यायचं ते पाणी तर केव्हाच रुसलं होतं. पूर्वी पाऊस वर्षातून तीस-पस्तीस दिवस रिमझिमत यायचा. आता तो दोन-तीन दुपारी बादली उपडी केल्यासारखा कोसळायचा आणि नाल्यातून तसाच पळून जायचा. धरणाच्या तळाला चौदा वर्षांत ओल नव्हती. चाळीस हजारांची ही वस्ती पाणी प्यायची ते बाबांच्या बोअरींचंच.

"बस्स!" आत्या ओरडली.

गाडी थांबली, पण मागचं चाक थांबलं नाही. ते सावकाश खाली जाऊ लागलं. आधी टायर गेला, मग अर्धं चाक. फरशा एकामागून एक कलल्या, कुणीतरी पत्त्यांचा डाव आवरायला घ्यावा तशा. दादानं दार उघडून उडी मारली. पायाखालून एक आवाज गेला. दणका नव्हता तो. जाड कापड फाडावं तसा लांबलचक, कोरडा आवाज. गाडीच्या चाकापासून भेग निघाली आणि मागच्या सामानाच्या खोलीपर्यंत सरळ धावली. ती खोलीपाशी पोचली तेव्हा खोलीची भिंत क्षणभर विचारात पडल्यासारखी उभी राहिली आणि मग बाहेरच्या बाजूला आडवी झाली.

धूळ अंगणभर पसरली.

"लागलं का कुणाला?" वहिनी ओसरीवरून धावत आली. दादाचे हात, पाय, डोकं ती चाचपत सुटली. "अहो, बोला ना काहीतरी!"

"मला काही नाही झालं." दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "गाडी बघ. माझी गाडी बघ आधी."

धाकटी भेगेपाशी गुडघ्यावर बसली. भेग हातभर रुंद होती. तिनं एक खडा आत टाकला आणि कान दिला. आवाज आला नाही. अशा भेगा तिनं नकाशावर काढल्या होत्या, दुसऱ्यांच्या शेतात वाकून पाहिल्या होत्या. ज्या अंगणात ती रांगायला शिकली तिथं भेग पडेल, असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

"धाकटे, हे काय गं?" आत्या म्हणाली. पडलेल्या भिंतीतून काहीतरी गडगडत आत्याच्या पायाशी येऊन थांबलं होतं. "भंगार जपून ठेवायची खोड काही जात नाही तुझ्या बापाची."

ते लोखंडी पाइपाचं कडं होतं. धाकटीनं ते उचललं. वीतभर उंचीचं, आठ इंच व्यासाचं, आणि दोन्ही कडा करवतीनं स्वच्छ कापलेल्या. आतून गंज, बाहेरून घासून पुसलेलं. त्यावर पांढऱ्या रंगात, बाबांच्या वळणदार अक्षरात, महिना आणि वर्ष लिहिलं होतं.

मागच्या वर्षाचं.

ती विटांवरून पाय टाकत आत गेली. भिंतीमागे फळीवर आणखी कडी होती, एकाला एक लागून, कपाटात भांडी लावावीत तशी. तिनं मोजली. हातातलं धरून अकरा. सर्वांत जुनं चार बोटांचं होतं. पुढची पाच बोटांची, सहा बोटांची. मग वीतभर. नव्याकडून मोजत सातवं कडं उचलताना तिचा हात थबकला. आई गेली ते वर्ष. आई गेली तोच महिना.

बोअर मारली की बाजूची माती आत ढासळू नये म्हणून तिच्यात तळापर्यंत लोखंडी पाइप उतरवतात. त्याला केसिंग म्हणतात. ते खाली पक्कं बसलेलं असतं. वरची जमीन खचली, तरी पाइप खचत नाही. पाइप आहे तिथंच राहतो आणि जमीन त्याच्या अंगावरून खाली उतरत जाते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पाइप वाढतोय.

बाबा दर वर्षी वाढलेला पाइप कापत होते.

धाकटीला आठवलं. तीन वर्षांपूर्वी याच ओसरीवर, चहाचा कप हातात घेऊन तिनं विचारलं होतं, "बाबा, तुमच्या कुठल्या बोअरीचा पाइप वर आलाय का हो? जुनं काही सापडलं तर माझं काम सोपं होईल." बाबांनी चहाचा घोट घेतला होता, चहात साखर कमी आहे म्हणाले होते आणि मग सांगितलं होतं, "नाही गं. आपल्याकडची जमीन पक्की आहे."

ती कडं घेऊन बाहेर आली. बाबा खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते.

"कुठल्या बोअरीचं हे?"

"आपल्या," बाबा म्हणाले. "घरच्या."

"अकराच्या अकरा?"

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

बाबांनी मान खाली घातली. ते रागावले असते, हात झटकून उठून गेले असते, तर तिला सोसलं असतं. खाली गेलेली ती मान तिला सोसवेना.

"अगं, पण झालं काय?" आत्याला काही कळेना. "चार लोखंडाचे तुकडे..."

"आत्या, आपलं घर माझ्या खांद्याइतकं खाली गेलंय," धाकटी म्हणाली. "घर, रस्ता, वस्ती, सगळं. आणि बाबांना हे अकरा वर्षं माहीत आहे."

आत्यानं आधी तिच्याकडे, मग पायाखाली पाहिलं आणि ती नकळत दोन पावलं मागे सरली.

*

भेग फाटकापाशी संपली, असं दादाला वाटत होतं. धाकटीला तसं वाटलं नाही. तिनं वहिनीला बरोबर घेतलं आणि भेगेची रेघ नजरेत धरून रस्त्यानं सरळ चालत सुटली. डांबरावर केसासारखी फट होती, पलीकडच्या गटारीच्या काठाला तडा होता, पुढे कुंपणाची भिंत एका खांबापाशी उसवल्यासारखी झाली होती. दोनशे पावलं झाली आणि दोघी थांबल्या.

समोर मुलींची शाळा होती. वहिनी तिथं चौथीला शिकवायची.

सुट्टीचा दिवस असल्यामुळे मैदान रिकामं होतं. खो-खोच्या खांबाच्या अलीकडे मातीत एक उथळ चर दिसत होता, कुणी काठी ओढत नेल्यासारखा.

"हा तर कधीपासून आहे," वहिनी म्हणाली. "दर महिन्याला शिपाई माती टाकतो. मुली त्यावरून उड्या मारायच्या पैजा लावतात."

धाकटीनं जवळच पडलेली लोखंडी सळई चरात टोचली. थोडा जोर देताच ती हातातून निसटली आणि आत गेली. अख्खी. दोघीही तिच्यामागे बघत राहिल्या.

"माझा वर्ग..." वहिनीनं मैदानाला लागून असलेल्या नव्या इमारतीकडे बोट केलं, पण वाक्य पुरं केलं नाही. तिथंच कुंपणाला धरून ती खाली बसली.

"शाळा कधी उघडते?"

"परवा."

धाकटीनं तिथूनच आपल्या खात्यातल्या साहेबांना फोन लावला. साहेब माणूस वाईट नव्हता, पण पोळलेला होता. तीन वर्षांपूर्वी धाकटीच्या मोजणीचा अहवाल त्यांनी वर पाठवला, तेव्हा 'मोजणीच्या खुणाच चुकल्या असाव्यात' असा शेरा मारून तो परत आला होता.

"भेगेवरून शाळा बंद करायची?" साहेब म्हणाले. "पाण्याची लाइन फुटली असेल, म्हणतील. तुझ्या तीन वर्षांच्या आकड्यांवर वरचे सही करणार नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे. जुना पुरावा दे. दहा वर्षांचा काही असेल तर आत्ता निघतो."

"आहे," धाकटी म्हणाली आणि तिचाच आवाज तिला परका वाटला. "आमच्या घरात आहे."

*

"मुळीच नाही!" दादानं टेबलावर हात आपटला. पुढच्या खोलीत सगळे जमले होते. खिडकीतून कललेली गाडी दिसत होती, अपंग जनावरासारखी. "ती कडी साहेबाला दिसली की खेळ खलास. उद्या खालच्या भागातल्या सगळ्या बोअरी बंद. नव्या वसाहतीच्या बारा बोअरी मी घेतल्यात. माझ्याकडे नऊ माणसं आहेत, त्यांच्या घरी काय सांगू? वडिलांनी पाइप कापले म्हणून चूल बंद ठेवा?"

"दादा, शाळेखाली पोकळी आहे."

"तू बघितलीस आत जाऊन?"

"सळई गेली आत."

"सळई!" दादा कडवट हसला. "तुला लहानपणापासून घरातल्या माणसांपेक्षा आकडे प्यारे. बाबांची अब्रू जाईल, त्याचं काही? लोक त्यांना देव मानतात इथं."

"त्याचं म्हणणं खोटं नाही, धाकटे," आत्या म्हणाली. ती नेहमी दादाच्या बाजूनं असायची. आई कामात असायची तेव्हा तिनंच त्याला कडेवर वाढवला होता. "घरातली गोष्ट घरात राहू दे. शाळेला दुसरं काही कारण सांगू. विंचू निघाले म्हणू, काहीही म्हणू."

"विंचू निघाले म्हणून शाळा आठ दिवस बंद राहील, आत्या. नवव्या दिवशी काय?"

वहिनी दाराला टेकून उभी होती.

"माझ्या वर्गात बेचाळीस मुली आहेत," ती आता म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस," दादा म्हणाला.

"मधे नाही बोलत, अहो. शेवटचं बोलतेय." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच दादा तिच्याकडे वळला. "परवा सकाळी मी त्या वर्गात उभी असेन. माहीत असून मुलींना आत घेऊन बसेन. तुम्ही सांगा, पहिल्या बाकावर कुणाला बसवू? तुमच्या त्या नऊ माणसांपैकी तिघांच्या मुली माझ्याच वर्गात आहेत."

दादानं टेबलावरचा हात काढून घेतला. बाराव्या वर्षात पोचलेल्या संसारात ती चारचौघांसमोर त्याच्या विरुद्ध गेल्याची ही पहिलीच वेळ होती.

"बाबा," धाकटी म्हणाली. "तुम्ही बोला आता."

बाबांनी पाण्याचा पेला पुढे ओढला. प्यायले नाहीत. नुसता धरून ठेवला.

"पहिल्या वर्षी वाटलं, पाइप सरकला असेल," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्षी दुसऱ्याची बोअर दुरुस्त करायला गेलो, तिथंही तेच. तिसऱ्या वर्षी कळून चुकलं. खालची चिकणमाती आहे ना, ती पाण्यानं फुगलेली असते. पाणी काढलं की ती आवळते. पिळलेल्या फडक्यासारखी. आणि एकदा आवळली की पुन्हा फुगत नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? आणि सांगून काय करू? धरण आटलं, पाऊस गेला. चाळीस हजार माणसं नळाखाली हंडा लावून उभी. त्यांना सांगू की पाणी पिऊ नका, जमीन खचते? पाणी थांबवणं माझ्या हातात नव्हतं, पोरी. पाइप कापणं होतं."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

हा प्रश्न आला तसा बाबांचा हात पेल्यावरून निघाला.

"दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर कदाचित बोललोही असतो," ते म्हणाले. "तू लहानपणी शाळेत सांगायचीस, माझे बाबा जमिनीतून पाणी काढतात. तुझ्यासमोर नाही निघालं तोंडातून."

मागच्या बाजूला घरच्या बोअरीचा पंप एकसुरात घुमत होता. तो रात्रंदिवस घुमायचा, म्हणून एरवी कुणाला ऐकूच यायचा नाही.

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "माझी भावजय गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तू मागे करवत चालवत होतास," ती भावाकडे बघत म्हणाली. "मी विचारलं, हे काय मांडलंयस अशा दिवसात? तू म्हणालास, पाइप गंजलाय. मला वाटलं, दुःखानं डोकं फिरलंय. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला, रे. आणि तू मलाही खोटंच सांगत होतास?"

बाबांनी मान डोलावली.

"बोलाव गं तुझ्या साहेबाला," आत्या धाकटीला म्हणाली.

"आत्या!" दादा ओरडला.

"ओरडू नकोस. तुला मी वाढवलंय, पण त्या पोरींना पण कुणीतरी वाढवलंय."

*

साहेब चारच्या सुमारास जीपनं आले. भेग पाहिली, शाळेच्या मैदानात जाऊन आले, बुटांवरची माती झटकत पुन्हा अंगणात उभे राहिले. कपाळावर आठ्या होत्या, पण चेहऱ्यावर निर्णय नव्हता.

"पुरावा म्हणालीस तो कुठाय?"

धाकटी कडी आणायला वळली. बाबांनी तिला हातानं थांबवलं. ते स्वतः पडलेल्या भिंतीकडे गेले आणि एकेक कडं आणून बोअरीपाशी ठेवू लागले. अडुसष्ट वर्षांचा माणूस विटांवरून तोल सावरत अकरा खेपा घालत होता आणि कुणीही मदतीला पुढे झालं नाही, कारण ती मदत करण्यासारखी गोष्टच नव्हती. मग त्यांनी पंप बंद केला, पाइपाच्या तोंडावरचं झाकण बाजूला सरकवलं आणि मागच्या वर्षाचं कडं पाइपावर ठेवलं. त्यावर त्याच्या आधीच्या वर्षाचं. त्यावर त्याच्याही आधीचं. काप इतका सरळ होता, की कडी एकमेकांवर बसताना नुसती टक् असा आवाज व्हायचा. सातवं ठेवताना ते जरा थांबले. शेवटची दोन ठेवायला त्यांना हात वर करावे लागले.

खांब उभा राहिला. बाबांनी त्याच्या माथ्यावर तळवा टेकवला. तळवा त्यांच्या खांद्याच्या रेषेत होता.

"मी ही बोअर मारली तेव्हा जमीन इथं होती," ते म्हणाले.

साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग अंगणाकडे, घराच्या जोत्याकडे, फाटकापलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं. धाकटीनंही पाहिलं. ही सारी वस्ती, दुकानं, नळाची टाकी, शाळा, एके काळी त्या तळव्याच्या उंचीवर होती, आणि कुणालाही पायरी न लागता सगळे खाली उतरून आले होते. तिला हे आकड्यांत तीन वर्षं ठाऊक होतं. डोळ्यांना आज कळलं.

साहेबांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. "सगळ्यांचे असेच?" त्यांनी विचारलं.

"खालच्या भागातले सगळे. काहींचे मी कापले, काहींचे मालकांनी," बाबा म्हणाले. "सातशेच्या वर बोअरी आहेत माझ्या हातच्या. कुठली कुठं, किती खोल, खाली कुठली माती, सगळं डोक्यात आहे. लिहून घ्या म्हणाल तर सांगतो."

शाळा बंद करण्याचा आदेश साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिला. वहिनीनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि मुख्याध्यापिकांच्या घराकडे चालती झाली.

मघाशी गाडीतून काढून घेतलेल्या किल्ल्या बाबांनी खिशातून काढून दादापुढे धरल्या. दादानं किल्ल्यांकडे पाहिलं, कड्यांच्या खांबाकडे पाहिलं आणि तो माडीवर निघून गेला.

*

पुढचे तीन महिने घरात दोन चुली नव्हत्या एवढंच. बाकी सगळं विभागलं होतं. दादा बाबांशी बोलत नव्हता, वहिनीशी कामापुरतं बोलायचा, धाकटी आली की बाहेर जायचा. गाडी क्रेननं काढून रस्त्याकडेला उभी केली होती. तिच्यावर धूळ साचली. नव्या वसाहतीचं काम रद्द झालं. नऊपैकी चार माणसं दुसऱ्या गावी निघून गेली.

शाळा वरच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागली. उकाड्यानं मुली हैराण व्हायच्या. काही आईबाप येऊन वहिनीला बोल लावून गेले. "इमारत उभी आहे की चांगली! तुमच्या घरच्या भांडणापायी पोरी भाजून निघताहेत." वस्तीत पाणी दिवसाआड झालं, मग तीन दिवसांनी. 'पाताळराव' म्हणून पाया पडणारे लोक बाबांना बघून रस्ता बदलू लागले. बाबांनी ते सोसलं. कामापुरती मान वर करून ते धाकटीला बोअरींची यादी सांगत राहिले.

खात्यानं ठरवलं होतं, की खालच्या भागातल्या बोअरी टप्प्याटप्प्यानं बंद करायच्या आणि नाल्याकाठच्या उलट्या चालवायच्या. म्हणजे त्यांतून पाणी उपसायचं नाही. वर्षातून दोन-तीनदा कोसळणारा पाऊस खडी-वाळूतून गाळून आत सोडायचा. खचलेली जमीन त्यानं वर येणार नव्हती. आणखी खचणं थांबलं असतं, एवढीच आशा. त्यासाठी जुन्या बोअरी साफ करायला, नव्या मारायला, खोल जाणारी गाडी हवी होती. धाकटीनं दादाला एकदाच विचारलं.

"मी पाणी काढणाऱ्याचा मुलगा आहे," दादा म्हणाला. "पाणी पुरणाऱ्याचा नाही."

मग एका दुपारी तीनच्या सुमारास पाऊस आला. चाळीस मिनिटं पडला, पण अंगणातून गुडघाभर पाणी वाहिलं. धाकटी त्या दिवशी यादीच्या कामासाठी आली होती. पाऊस थांबला, ती, बाबा आणि आत्या ओसरीवर आले आणि तेवढ्यात रस्त्यापलीकडून तो आवाज आला. या वेळी कापड फाटल्याचा नव्हता. खोल, जड, पोटातून आलेला. खिडक्यांची तावदानं थरथरली.

माडीवरून दादा जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आला. पायांत चपला नव्हत्या. "शाळा!" तो म्हणाला. "ती वर्गात आहे!"

"दादा, अरे, वहिनी माळावर..." धाकटी म्हणत होती, पण तो फाटकाबाहेर गेलाही होता. चिखलातून, बायकोच्या नावानं हाका मारत, तो दोनशे पावलं धावला. धाकटी त्याच्यामागे धावली. शाळा तीन महिन्यांपासून बंद आहे, हे त्याला माहीत होतं. त्या बंदीवरूनच तर तो अबोला धरून बसला होता. पण त्या घडीला त्याच्या पायांना ते ठाऊक नव्हतं.

मैदान नव्हतं. खो-खोचा एक खांब वाकडा उभा होता, दुसरा दिसत नव्हता. नव्या इमारतीचा मैदानाकडचा कोपरा खाली बसला होता आणि चौथीच्या वर्गाची भिंत गेली होती. आतला फळा दिसत होता. पहिल्या दोन रांगांतले बाक खाली खड्ड्यात होते. त्यांच्यावरून गढूळ पाणी गोल फिरत होतं.

दादा काठापासून दहा पावलांवर थांबला. "कुणी आहे का?" त्यानं हाक मारली. कुणी नव्हतं. त्यानं पुन्हा हाक मारली. धाकटीनं त्याचा दंड धरला.

"कुणी नाही, दादा. सगळ्या माळावर आहेत."

"पहिल्या बाकावर कुणाला बसवू, असं विचारलं होतं तिनं मला," तो म्हणाला आणि चिखलातच बसला.

थोड्या वेळानं माळाच्या रस्त्यानं वहिनी येताना दिसली, पदर खोचून, जवळजवळ पळत. मागून आत्याचा हात धरून बाबा आले. वहिनीनं खड्डा पाहिला, आपला फळा पाहिला. दादानं तिचा हात धरला आणि तो सोडलाच नाही.

बाबा जरा लांब उभे राहिले. आपण जवळ जावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नसावं. खड्ड्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. नाल्याचं पाणी त्या भोकातून आत, खाली, कुठंतरी चाललं होतं.

दादानं नाक पुसलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं बापाकडे सरळ पाहिलं.

"यादी झाली का पुरी?" त्यानं विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "नाल्याकाठच्या साठेक राहिल्यात."

"त्याच पहिल्या सांगा," दादा म्हणाला. "उद्या गाडी धुतो."